चिंचणीचा उलटा फेरा

चिंचणीच्या जत्रेला जाणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे डोक्याला टोपी हवी. चैत्रातलं समुद्रकाठचं ऊन आमच्या साताऱ्याच्या उन्हासारखं सरळ पडत नाही, ते वाळूवरून उसळून हनुवटीखालूनही भाजतं. दुसरी म्हणजे, जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी तिथे एकट्याने जाऊ नये. बरोबर कुणीतरी न्यावं, आणि शक्यतो ज्याचं कौतुक ऐकून आपल्या पोटात दुखतं असंच माणूस न्यावं. टोपी मी नेली होती. दुसऱ्या बाबतीत जे केलं ते सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

मी साताऱ्याला एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. कॅमेरा जुना, दोन भिंगांचा. मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं, आणि काचेत डावं ते उजवं दिसतं. आमच्या बाहेरच्या खोलीत मी काढलेला अजिंक्यताऱ्याचा फोटो होता. खाली सगळं धुकं आणि त्यातून वर आलेला किल्ल्याचा माथा तेवढा. त्या धुक्यासाठी मी कित्येक पहाटे कुडकुडत उभा राहिलो होतो. गेल्या वर्षी तो फोटो खिळ्यावरून खाली आला आणि त्याच्या जागी व्हिएन्ना शहर लागलं.

व्हिएन्नाचा फोटो वसंताचा. वसंत हा माझ्या बायकोचा, मालतीचा, धाकटा भाऊ. इंजिनियर आहे. बोईसरजवळ तारापूरला अणूपासून वीज तयार करण्याचं केंद्र उभं राहतं आहे, त्या कामावर असतो. त्याला शिक्षणासाठी परदेशी पाठवलं होतं. येताना तो व्हिएन्नाला थांबला आणि तिथला जुना, प्रचंड रहाटपाळणा रंगीत फिल्मवर टिपून घेऊन आला. गेल्या शतकातला पाळणा. लढाईत जळला, पुन्हा उभा केला. त्याला पाळणे कसले, आगगाडीच्या डब्यांसारख्या खोल्याच आहेत. वसंत सांगतो, त्या शहरात कुठूनही मान वर केली की तो दिसतो, आणि तो दिसला की आपण कुठे आहोत ते माणसाला कळतं. फोटोत मागे जांभळं आकाश आहे आणि चाकाच्या तारांवर मावळतीचा उजेड. फोटो उत्तम आहे. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

"किल्ला काय, खिडकीतूनही दिसतो की," माझी चौकट उतरवताना मालती म्हणाली. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. किल्ला खरोखरच खिडकीतून दिसतो.

पुढे येणारा प्रत्येक जण व्हिएन्नासमोर थांबायचा. "तुम्ही काढलात?" असं मला विचारायचा. मालती आतून सांगायची, "माझ्या भावानं." चहाचा कप घेऊन भिंतीकडे पाठ करून बसायला मी शिकलो. वसंताला मी त्याच्या लहानपणापासून 'वसंता' म्हणत आलो होतो. त्या वर्षी मी त्याला 'वसंतराव' म्हणायला लागलो.

चैत्रात त्याचा निरोप आला. चिंचणीच्या गावदेवीच्या जत्रेत एक लाकडी रहाटपाळणा असतो, फार जुना, माणसांनी फिरवायचा. दाजींनी कॅमेरा घेऊन यावंच. मी लगेच निघालो. मालतीला वाटलं, मेहुण्याच्या भेटीची ओढ. माझ्या डोळ्यांसमोर तो खिळा होता.

बोईसर

स्टेशनवर वसंत जीप घेऊन आला होता. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली, कॅमेऱ्याची पेटीही घेऊ लागला, ती मी दिली नाही.

बोईसर हे सध्या गाव नाही आणि शहरही नाही. एका बाजूला गवताची जुनी घरं, दुसऱ्या बाजूला एकसारख्या नव्या खोल्यांच्या ओळी, आणि मधल्या रस्त्यावर ट्रकांनी उडवलेली धूळ, जी संध्याकाळपर्यंत खाली बसतच नाही. मासवणकडून आलेली माणसं डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने चाललेली होती. त्यांची शेतं पावसावर. पाऊस येईपर्यंत दगड वाहायचे. चहाच्या टपरीवर निम्मं बोलणं हिंदीत. जीप दिसताच एक वेल्डर धावत आला.

"साहब, हमारा फोटो? घर भेजना है."

"आलाय धुऊन. उद्या देतो," वसंत म्हणाला.

रस्ताभर हेच. कोणी फोटोचं विचारी, कोणी नुसता सलाम करी. ज्या गावात तो चार दिवसांपूर्वी आला तिथे त्याला सगळे ओळखतात. ज्या गावात मी जन्म काढला तिथे मला 'ड्रॉइंगचे मास्तर' म्हणतात.

संध्याकाळी त्याच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि ताज्या बोंबलाचं कालवण केलं. आमच्याकडची ज्वारीची भाकरी हातात घेतली की वजन कळतं. ही पांढरी, मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. बोंबील तर चावावा लागत नाही, जिभेवर विरघळतो. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आमच्याकडच्या मटणाच्या गप्पा मारत राहिलो, म्हणजे इथलं फार आवडलं असं वाटू नये.

जेवणानंतर वसंताने कपाटातून एक लहानशी डबी काढली. उजेड मोजायचं यंत्र होतं.

"तुमच्यासाठी आणलंय, दाजी. व्हिएन्नालाच घेतलं."

"मला काय करायचंय, वसंतराव? मी डोळ्यांनी अंदाज घेतो."

"राहू दे की जवळ. आणि ते 'राव' कशाला? अवघडल्यासारखं होतं मला."

मी ते यंत्र दिव्याशी धरून पाहिलं. काटा नाजूकपणे हलला. इतकी सुंदर वस्तू मला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती याने दिली होती, याचाच मला राग आला.

चिंचणी

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चिंचणीला गेलो. सुरूच्या झाडांमधून वाट वाळूवर उतरते. झाडं संपायच्या आधीच पाळणा दिसला, आणि मी थबकलो.

त्याचे दोन खांब म्हणजे पूर्वी कधी या किनाऱ्याला लागलेल्या एका गलबताच्या डोलकाठ्या आहेत. काळ्या पडलेल्या, मिठाने तडकलेल्या, बुंध्याशी दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या. जत्रा संपली की चाक उतरवून देवळाच्या पडवीत ठेवतात, पण डोलकाठ्या बारमाही उभ्या असतात. समुद्रावरून परतणाऱ्या होड्या आधी त्या शोधतात, मग गाव. रस्ता विचारला तरी लोक "पाळण्याच्या अलीकडं", "पाळण्याच्या पल्याड" असंच सांगतात. वसंताच्या व्हिएन्नाचं वर्णन मला आठवलं आणि मी मनातल्या मनात म्हणालो, हे आमच्याकडेही आहे, आणि हे मी काढणार.

चाकाला आठ पाळणे, भडक हिरव्या-तांबड्या रंगाचे. यंत्र नाही. चार तगडे गडी चाकाच्या आऱ्यांवरून माकडासारखे वर चढतात, वरच्या आरीला लोंबकळतात आणि आपल्या वजनाने चाकासकट खाली येतात. पाय वाळूला लागले की सोडतात आणि पुन्हा चढतात. आमच्याकडच्या जत्रेत पाळणा फिरवणारा खाली उभा राहून ढकलतो. इथे तो स्वतःच चाकाचा भाग होतो.

मी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून मान खाली घातली. काचेत चाक उलट्या बाजूने फिरू लागलं. जागा ठरवायला, उजेड कुठून येतो ते बघायला मला वेळ लागतो. तेवढ्यात वसंताने आपला लहानसा कॅमेरा डोळ्याला लावून आठदहा फोटो काढलेसुद्धा. गडी त्याच्याकडे बघून हसत लोंबकळत होते. एकाने तर एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने मिशीला पीळ दिला. पोरीबाळी त्याच्याभोवती गोळा झाल्या. माझ्या काचेत दर वेळी कुणाची ना कुणाची पाठ येत होती.

"थंडगार काहीतरी आणतो, दाजी," म्हणून वसंत दुकानांकडे गेला आणि गर्दी त्याच्यामागे गेली.

पाळण्याभोवती दोरी बांधली होती. दोरीशी मोठी टोपली घेऊन एक बाई बसली होती. नाव काशीबाय, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या आळीतली, पाळणा तिच्या सासऱ्याच्या घराण्याचा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली, आणि जीभ अशी की गडीसुद्धा तिच्याकडे न बघता काम करत होते.

"तुमचा मगापासून एकबी निघाला नाय वाटतं," ती मला म्हणाली. "त्यो दुसरा सायेब तर सुटलाच."

"माझं सावकाश असतं."

"मंग उद्या या. उद्या जत्रेचा शेवट. उन्हं कलली का उलटा फेरा. पाळणा मोगऱ्यानं मडवतो आमी, गर्दी सारी भायेर. पाच दिस फिरवला त्यो उलगडाया नको? नायतर गाव फिरल वरीसभर."

मोगऱ्याने मढवलेला पाळणा. गर्दी नाही. मागे उतरता सूर्य. मी मनातल्या मनात चौकट बसवूनही टाकली.

"सगळा रिकामाच फिरवता?"

"रिकामा कसा? रुसलेल्यांचा फेरा त्यो. रुसलेली मानसं..."

पण मी पुढे ऐकलं नाही. गोटी सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन वसंत येताना दिसला होता. मी घाईघाईने तिकाटणं उचललं आणि त्याच्याकडे चालू लागलो.

"काय म्हणत होती ती बाई?" त्याने विचारलं.

सोडा थंड होता. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, "उद्या सकाळीच पाळणा उतरवणार आहेत म्हणे. बघण्यासारखं काही नाही आता."

"अरेरे! आणि तुमचा तर एकही झाला नाही. थांबू या का अजून?"

"नको. उजेड गेला," मी म्हणालो. उजेड भरपूर होता.

परतताना तो माझी समजूत काढत होता. केळव्याला जाऊ, तिथल्या वाड्या दाखवतो, नारळ-सुपारीत उजेड कसा सुंदर झिरपतो. मी हुंकार देत होतो. पन्नाशीला आलेला माणूस, शाळेत पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगणारा; आणि मला लाज वाटायच्या ऐवजी हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

पालघर

सकाळी वसंताला सांगितलं की पालघरला माझा एक जुना सहकारी राहतो, त्याच्याकडे जाऊन संध्याकाळी येतो. असा सहकारी नाही. पण पालघरला मी खरोखर गेलो. खोट्याला थोडं खरं जोडलं की ते कमी टोचतं, असा माझा समज होता. शिवाय एक रोल हवा होता. उजेडाचं यंत्र मुद्दाम खोलीवर टेबलावरच ठेवलं. त्याच्या वस्तूने काढलेला फोटो मला नको होता.

स्टेशनच्या बाहेर भाजीबाजार, ताडगोळे विकणाऱ्या बाया, आणि जरा पुढे एक फोटो स्टुडिओ. ताडगोळा मी पहिल्यांदाच खाल्ला. गारेगार, आत चमचाभर गोड पाणी. बाईने सोलून देता देता विचारलं, "पाव्हनं कुठलं? साताऱ्याचं? तिथं ताड नाय? मंग खाता तरी काय उन्हाळ्यात?" मी म्हटलं, कलिंगड. तिला माझी कीव आलेली दिसली.

स्टुडिओच्या काचेत नवरानवरीचे फोटो होते, एका पैलवानाचा होता, आणि मधोमध व्हिएन्नाचा रहाटपाळणा होता.

मी तिथेच उभा राहिलो. साताऱ्याहून इतक्या लांब येऊन मी ज्याच्यापासून पाठ फिरवली होती तो इथे काचेत माझी वाट पाहत होता.

"परदेशातला आहे," स्टुडिओवाले अभिमानाने म्हणाले. "काढणारे साहेब मात्र इथलेच, बोईसरला असतात. रविवारी येतात कधी कधी. काय हात आहे! माणूसही साधा. त्यांच्या दाजींचं फार सांगतात. म्हणे, फोटो काय असतो ते मला त्यांनी शिकवलं, किल्ल्यावर नेऊन. तुम्हीही फोटो काढता का?"

"थोडेफार," मी म्हणालो. रोल घेतला आणि बाहेर पडलो.

इथून मी परत फिरायला हवं होतं. वसंताला लहानपणी मी किल्ल्यावर नेलं होतं हे खरं. मी ते विसरलो होतो, तो विसरला नव्हता. पण सांगायला वाईट वाटतं, मला त्याचाही हेवा वाटला. उपकार लक्षात ठेवण्यातही तो माझ्या पुढे. मी गाडीने बोईसरला आलो, टोपी नाकापर्यंत ओढली आणि कुणी ओळखायच्या आत चिंचणीच्या एस.टी.त मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पुन्हा चिंचणी

पाळणा असा सजला होता की माझ्या तोंडून आवाज निघाला. प्रत्येक आरीवर मोगऱ्याचे गजरे, डोलकाठ्यांच्या टोकांना होड्यांची निशाणं, आणि मागे समुद्रावर कललेला सूर्य. होड्या सगळ्या वाळूवर ओढलेल्या. गाव दोरीबाहेर दाटीने उभं, पण गोंगाट नाही. दोरीच्या आत माणसं जोडीजोडीने उभी होती आणि गंमत म्हणजे एकाही जोडीतली दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. दोन जावा पाठीला पाठ लावून. दोन भाऊ, एक आकाश बघतोय, एक आपली नखं.

मी दोरीशी तिकाटणं रोवलं आणि काचेत पाहिलं. हाच फोटो. साताऱ्याच्या भिंतीवर हाच. मी बटणावर बोट ठेवलं, तोच काचेत अंधार झाला. काशीबायने भिंगावर तळवा ठेवला होता.

"आज नाय. आज फोटू काढायचा नाय."

"काल तुम्हीच तर या म्हणालात!"

"बसायला या म्हनाले. चेहरा बघून वाटलं, याला गरज हाय." ती माझ्या मागे पाहू लागली. "तुमचा मानूस कुटं हाय?"

"कोण माणूस?"

"तुमी ज्याच्यावर रुसलाय त्यो. नायतर तुमच्यावर जो रुसलाय त्यो."

मग तिने सांगितलं, जे काल मी ऐकून घेतलं नव्हतं. रुसलेली माणसं एका होडीत चालत नाहीत. समुद्रावर एकाने जाळं ओढायचं आणि दुसऱ्याने तोंड फिरवायचं, यात माणसं बुडतात. म्हणून वर्षातून एकदा ज्यांचं वाकडं आहे त्या दोघांना एका पाळण्यात घालायचं, पाळणा उलटा फिरवायचा आणि वर नेऊन धरायचा. एकमेकांना नात्याने नाहीतर घरच्या नावाने हाक मारली आणि ती खाली ऐकू आली की मगच उतरवायचं. कुणाचं कुणाशी काय ते गावाला ठाऊक असतं, पण फोटोत ते कशाला राहायला हवं?

"मी एकटाच आलोय," मी म्हणालो.

दोरीशी उभा असलेला एक म्हातारा खो-खो हसला. "एकला आलाय! सोताशीच भांडलाय जनू!"

सगळे हसले. मी तिकाटणं मिटू लागलो. सूर्य खाली खाली येत होता. ज्याला टाळून मी इथवर आलो, तो बरोबर असता तर आत गेलो असतो. आणि तेवढ्यात सुरूंच्या वाटेवर जीपचा आवाज आला.

वसंत धावत आला. केस धुळीने पांढरे, सदरा पाठीला चिकटलेला.

"दाजी! कळलं तर तुम्हाला! बरं झालं!" तो धापा टाकत होता. "साईटवर चिंचणीचा एक फिटर आहे, तो म्हणाला उलटा फेरा आज आहे. म्हटलं, त्या बाईनं दाजींना चुकीचंच सांगितलं! तशीच जीप काढून पालघरला गेलो. स्टेशन पाहिलं, बाजार पाहिला, स्टुडिओत विचारलं. शेवटी म्हटलं, तुमच्यासाठी निदान दोन फोटो तरी काढून ठेवावेत."

काशीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन चुकीचं बोललं? मी? मी यांना सांगितलं, उद्या उन्हं कलली की. इचारा यांनाच."

वसंताने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मी काहीतरी सांगून मोकळं करीन, याची तो वाट पाहत होता. 'समुद्राच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही.

"त्यांनी बरोबर सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

काशीबायने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दोरी वर उचलली.

"या. गावला तुमचा मानूस."

"पण माझं यांच्याशी काहीच भांडण नाही," वसंत गोंधळून म्हणाला.

"नसू दे. दुसरा वजनाला लागतो."

वसंताचा कॅमेरा तिने काढून घेतला आणि आपल्या टोपलीत ठेवला. माझा गळ्यात होता, तो काढायला तिला सुचलं नाही, की तिने राहू दिला, मला माहीत नाही. आम्ही शेजारी शेजारी बसलो. गडी आऱ्यांवर चढले, उलट्या बाजूला लोंबकळले, डोलकाठ्या करकरल्या आणि आम्ही वर निघालो. मला उंचीची भीती वाटते हे तिथे गेल्यावर कळलं.

माथ्यावर पाळणा थांबला. पाठीमागे समुद्र. डावीकडे ताडांच्या रांगा. लांब उजवीकडे तारापूरच्या बाजूला केंद्राच्या कामावरच्या क्रेन काड्यांसारख्या दिसत होत्या. मी समोरच्या आडव्या दांडीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"का, दाजी?" वसंताने विचारलं.

मी सांगितलं. खिळ्याचं, किल्ल्याचं, चहाच्या कपाचं, स्टुडिओच्या काचेचं. सांगताना ते इतकं लहान वाटत होतं की मी आवाज बारीक करत गेलो.

वसंत हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. पाळणा हलला. "फोटोसाठी? दाजी, एका फोटोसाठी?"

त्या हसण्याइतकं मला काहीच लागलं नव्हतं. आणि मग ते एकदम थांबलं.

"दुपारभर उन्हात शोधत होतो तुम्हाला," तो म्हणाला. "वाटलं, वाट चुकलात, ऊन लागलं. ताईला काय सांगू या विचाराने जेवलोसुद्धा नाही." त्याने तोंड फिरवलं. "आता माझाही रुसवा आहे."

खालून काशीबाय ओरडली, "हाक येत नाय अजून! झोपलं काय वरती?"

मागच्या पाळण्यातल्या दोघा भावांपैकी एक वैतागून म्हणाला, "अवो पाव्हनं, उरका! आमी मघाच बोललो. हा आता डोकं खातोय माजं."

मी समोर पाहिलं, आणि मला ते दिसलं. चाकाची सावली. समुद्रावरच्या सूर्याने अख्खा पाळणा वाळूवर निजवला होता. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवरून, दुकानांच्या ताडपत्र्यांवरून लांबच लांब पसरलेला, आऱ्यांसकट, गजऱ्यांसकट. आणि अगदी टोकाला एका पाळण्यात दोन डोकी. पाळण्यात बसून पाळणा दिसत नाही, असं मी समजत होतो.

मी एक हात सोडला, कॅमेरा उघडला, काचेत मान घातली. चौकट बसली. पण बटण दाबायला दुसरा हात सुटेना. बोटं दांडीवरून हलायलाच तयार नव्हती.

"वसंता," मी म्हणालो, "दाब."

"उजेड किती धरलाय?"

"अंदाजाने."

"अंदाज बरोबर आहे," तो वाकून बघत म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

मग मी खाली तोंड करून ओरडलो, "वसंता!" तो ओरडला, "दाजी!" खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या भावांनी देवीचं नाव घेतलं, आणि चाक उलटं फिरत आम्हाला वाळूवर सोडून गेलं.

"फोटू काढला ना?" काशीबायने विचारलं. तिला सगळं दिसतं.

"सावलीचा."

"सावलीत कोन कोन ते कळंल?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या." तिने टोपलीतून वसंताचा कॅमेरा काढून दिला. टोपलीत खाली सुकट होती. त्या कॅमेऱ्याला अजून सुकटीचा वास येतो, असं वसंत सांगतो. मला ते ऐकून बरं वाटतं.

सातारा

व्हिएन्ना आहे तिथेच आहे. मालतीने त्याच्या शेजारी नवा खिळा ठोकला आणि तिथे चिंचणीची सावली लावली. काळीपांढरी, आकाराने लहान. येणारे आधी व्हिएन्नासमोर थांबतात, मग सावलीसमोर जरा जास्त वेळ थांबतात, कारण ते काय आहे हे चटकन कळत नाही. ते मी मोजत नाही असं म्हणणार नाही. "हा कुणी काढला?" असं विचारतात. मालती आतून सांगते, "दोघांनी मिळून." चौकट माझी होती, उजेडाचा अंदाज माझा होता, त्याचं फक्त बोट होतं, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत येतं. मी चहा पितो. हल्ली भिंतीकडे तोंड करून पितो.

दिवाळीला वसंत आला होता. फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "दाजी, दोन डोक्यांतलं हे उंच माझं दिसतंय."

"असेल," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी खुर्चीवर चढलो आणि भिंग लावून पाहिलं. उंच डोक्याला मला टोपीची कड स्पष्ट दिसली. मालतीला बोलावून दाखवली. तिला काही दिसली नाही.